लिंबोणीचा उपास

माझी सकाळ कीर्तनाशिवाय सुरू होत नाही. पुण्याच्या क्षिप्राताई रोज अर्धा तास ऑनलाइन कीर्तन करतात. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि ऐकत ऐकत पोळ्या लाटायच्या, असा माझा नेम आहे. आमचे हे, विश्वास, म्हणतात की आपल्या घरात चहाच्या आधी झांज उकळते. म्हणू देत. बँकेत बावीस वर्षं मी दुसऱ्यांची घाई ऐकली. आता निवृत्तीनंतर विषुववृत्ताजवळच्या या बेटावर, ईस्ट कोस्टच्या तळमजल्यावर बसून मला जे ऐकायचं ते मी ऐकते.

फेब्रुवारी संपता संपता त्यांनी ते आख्यान लावलं. संत गंगेची कावड घेऊन निघालेत, हजारो कोस चालून आलेत, आणि वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव पाण्यावाचून तडफडतंय. देवासाठी आणलेलं पाणी संतांनी त्या गाढवाच्या तोंडात ओतलं. गोष्ट मला लहानपणापासून पाठ. पण क्षिप्राताईंनी तिथे आवाज असा खाली आणला, की पाण्याचा घोट त्या मुक्या जिवाच्या घशातून उतरताना ऐकू यावा. मी लाटणं हातात धरून रडत उभी राहिले. तव्यावरची पोळी करपली.

तशाच भरल्या डोळ्यांनी पूजा केली आणि देवांच्या अंघोळीचं पाणी तांब्यात घेऊन तुळशीला घालायला बाहेर अंगणात आले. अंगण म्हणजे फरशी घातलेला, दहा पावलांचा तुकडा. पलीकडे गुडघाभर उंचीचं हिरवं कुंपण आणि त्यापलीकडे निशिकांतरावांची बाग.

ती बाग आमच्या सगळ्या कॉन्डोत, म्हणजे या सोसायटीत, प्रसिद्ध आहे. निशिकांतराव जहाजांची तपासणी करतात. अकरा वर्षं ते आणि त्यांची बायको प्रणिता सायप्रस बेटावर, लिमासोलला राहत होते. तिथल्या घराच्या अंगणात जे जे होतं, ते ते त्यांनी इथे मातीच्या कुंड्यांत लावायचा हट्ट धरला. निळ्या बारीक फुलांची रोझमेरी, थाइम, ओरेगॅनो, लॅव्हेंडर, एक ठेंगणं डाळिंब, एक अंजीर आणि कुंपणाला लागून सगळ्यात मोठ्या कुंडीत लिंबोणी. पावसाचा शिंतोडा लागू नये म्हणून वरच्या बाल्कनीच्या आडोशाला सगळं मांडलेलं. मला अधूनमधून रोझमेरीची काडी मिळायची. एकदा मी ती बटाट्याच्या भाजीत घातली, तर विश्वास म्हणाले, भाजीला दवाखान्याचा वास येतोय.

त्या सकाळी निशिकांतराव घरी नव्हते. कोरियात कुठल्याशा गोदीत साडेतीन आठवड्यांचं काम होतं. प्रणिता नोव्हेंबरपासून पुण्याला, आईच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी. आणि लिंबोणीची पानं अशी मलूल होऊन लोंबत होती, की मला ते गाढवच दिसलं. माती भेगाळलेली. रोझमेरीखाली बोट घातलं तर धूळ.

सलीम तिथेच हिरवळीच्या कडा कापत होता. सलीम आमच्या कॉन्डोचा माळी. चौसष्ट वर्षांचा, गुडघ्याला पट्टा, जवळच्या बेडोकहून सायकलवर येतो. रमझान चालू होता, त्यामुळे तोंड सुकलेलं. मी झाडाकडे बघतेय हे पाहून तो हसला आणि म्हणाला, "धिस वन पुआसा, आंटी. सेम लाइक मी."

पुआसा म्हणजे उपास, रोजा. सव्वीस वर्षं इथे राहिल्यावर एवढं मला कळतं. मीही हसले. मनात म्हटलं, बिचारा उपाशीपोटी कुठे पाण्याच्या झाऱ्या उचलणार, म्हणून असं काहीतरी सांगतोय. निशिकांतराव बाग याच्यावर सोपवून गेले आणि हा कंटाळा करतोय.

एवढंच मनात आलं. मी त्याला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही.

दुसऱ्या दिवसापासून सलीम यायच्या आत, साडेसहाला, मी पूजेच्याच तांब्याने कुंपणावरून वाकून लिंबोणीला एक तांब्या आणि बाकीच्या कुंड्यांना अर्धा अर्धा तांब्या घालू लागले. कुणाला सांगितलं नाही. गुप्तदानाचं पुण्य जास्त, हे मी कितीतरी कीर्तनांत ऐकलंय. तेवीस दिवस घातलं. तिसऱ्या दिवशी लिंबोणीची पानं ताठ झाली. आठवड्याने कोवळी पालवी आली. मी रोज तिला नमस्कार करायचे आणि, खोटं कशाला सांगू, थोडासा स्वतःलाही करायचे. रोझमेरी तेवढी का कोण जाणे खालून काळपट होत होती. मला वाटलं, तिला आणखी पाणी हवं.

पाडव्याच्या दिवशी निशिकांतराव परतले. मी श्रीखंडाची वाटी घेऊन गेले तर ते बॅगसुद्धा आत न नेता लिंबोणीपुढे उकिडवे बसले होते. मातीत दोन पेरं बोट रुतवलेलं.

"वहिनी," वळून न बघता ते म्हणाले, "याला पाणी कुणी घातलं?"

आवाज अगदी तुटक होता. शाबासकी द्यायला कुणी असा प्रश्न विचारत नाही. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सलीमच बघतो ना तुमच्या झाडांचं?"

मी खोटं बोलले का? एकही शब्द खोटा नव्हता. मी नुसतं विचारलं. त्या रात्रीपासून मी स्वतःला हेच सांगत होते, आणि ज्याअर्थी सांगावं लागत होतं त्याअर्थी ते खरं नव्हतं.

"त्याला बजावून गेलो होतो," ते म्हणाले. "एक थेंब घालायचा नाही. ताण दिला होता मी."

"ताण?"

"माझे वडील काटोलला संत्र्याची बाग करायचे, वहिनी. बहार धरायचा तर आधी झाडाचं पाणी तोडायचं. पानं मान टाकतील इतकं तोडायचं. मग झाडाला वाटतं, आपलं काही खरं नाही, आणि ते फुलायला लागतं. सायप्रसला हे काम थंडी करते. मार्चमध्ये सगळं गाव लिंबाच्या फुलांनी घमघमतं. इथे कुठली थंडी? म्हणून जायच्या आधीपासूनच मी ताण दिला. आज पाणी दिलं असतं, तर पंधरा-वीस दिवसांत कळ्या धरल्या असत्या." त्यांनी माझी ती लाडकी पालवी चिमटीत धरली. "आता हे नुसतं पाला काढत बसेल. आणि हे बघा."

त्यांनी रोझमेरी हलकेच ओढली. ती मुळासकट हातात आली. मुळं कुजून काळी, चिखलाचा वास. लॅव्हेंडर तसंच. थाइमचा नुसता चोथा. ओरेगॅनोच्या दोन काड्या तेवढ्या तग धरून होत्या.

"या सगळ्या खडकातल्या वनस्पती. पाण्यानेच मरतात," ते म्हणाले. मग रोझमेरी खाली ठेवून, "प्रणिता जाताना म्हणाली होती, या गावाला ऋतूच नाही, मी परत कशाला येऊ. चेष्टेत म्हणाली. पण पुढच्या महिन्यात ती येतेय. म्हटलं, दार उघडल्या उघडल्या तिला वास यावा. एक वसंत तरी दाखवू."

मी श्रीखंडाची वाटी कठड्यावर ठेवली आणि घरी आले.

दुपारी त्यांनी सलीमला गाठलं. मी खिडकीच्या पडद्याआड उभी होते. सलीम दोन्ही हात पुढे धरून सांगत होता, "आय नेव्हर पोअर, सर. नॉट वन टाइम."

"मग पाऊस आडवा पडला का?"

"आय नेव्हर पोअर," एवढंच तो म्हणाला. पुन्हा पुन्हा तेवढंच.

संध्याकाळी निशिकांतरावांनी मॅनेजमेंट ऑफिसला मेल टाकला. माळी सांगितलेलं ऐकत नाही आणि वर खोटं बोलतो. तीन दिवसांनी कळलं, माळ्यांचा ठेकेदार सलीमला पुढच्या सोमवारपासून यिशुनच्या एका साइटवर पाठवतोय. बेडोकहून यिशुन म्हणजे बेटाचं दुसरं टोक. सायकल बंद. पहाटे उठून एमआरटीची मेट्रो, मग बस, त्या पट्ट्याच्या गुडघ्यावर.

मी विश्वासना सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे गाढव भलतंच कुणीतरी निघालं," ते म्हणाले.

"अहो, चेष्टा नको."

"मग जा आणि सांगून टाक. चार पावलांवर घर आहे."

"काय सांगू? शनिवारी रामजन्माचं कीर्तन आपल्याकडून आहे. क्षिप्राताई आपल्या घरी उतरणार. अख्ख्या कॉन्डोला बोलावलंय. आणि यजमानीणबाईच झाड मारून माळ्याचं नाव पुढे करतात, असं लोकांनी म्हणायचं?"

"पुढे केलंच आहेस तू," ते म्हणाले. "लोक म्हणोत न म्हणोत."

तरी मी गेले नाही. त्याऐवजी जे केलं ते आठवलं की अजून मान खाली जाते. नर्सरीत जाऊन रोझमेरीचं एक चांगलं भरघोस रोप आणलं आणि पहाटे निशिकांतरावांच्या फाटकाशी ठेवून आले. चिठ्ठी नाही, काही नाही. पुन्हा गुप्तदानच. वाटलं, थोडंतरी फिटेल.

दुसऱ्या दिवशी निशिकांतराव कुंपणावरून मला रोप दाखवत होते. "बघितलंत वहिनी? तोंडाने कबूल करवेना, पण मनाला लागलं असणार. गपचूप रोप ठेवून गेला. मी त्याला बोलावून दाखवलं. म्हटलं, बरं केलंस, पण सरळ सांगितलं असतंस तर मेल परत घेतला असता. तर नुसता माझ्याकडे बघत राहिला."

त्या आठवड्यात मी कीर्तन लावायचे आणि बंद करायचे. क्षिप्राताई हरिश्चंद्राच्या गोष्टीवर होत्या. मला ओट्यापाशी उभं राहवत नव्हतं.

शनिवार उजाडला. सलीमचा आमच्याकडचा शेवटचा दिवस. फंक्शन रूममध्ये पाळणा बांधून झाला होता आणि मी फुलांच्या परड्या नेत होते, तेव्हा तो केळीच्या पानावर चाफ्याची ढीगभर फुलं घेऊन वाटेत उभा होता. पांढरी, देठाशी पिवळी. मागच्या वर्षी त्याने आमचा पाळणा पाहिला होता.

"फॉर युअर बेबी, आंटी," तो म्हणाला. "आज खूप पडलीत. स्वच्छ वेचली आहेत."

जमिनीवर पडलेली फुलं आम्ही देवाला वाहत नाही. तरी मी ती ओंजळीत घेतली. म्हटलं, "सलीम, झाडांना पाणी मी घालत होते."

"आय नो," तो म्हणाला.

माझ्याच्याने त्याच्याकडे बघवेना. तो आपल्या मोडक्या इंग्रजीत, हळूहळू सांगत गेला. दुसऱ्याच दिवशी त्याला कुंडीतल्या मातीवर तांदळाचे दाणे दिसले होते. लाल कुंकू. झेंडूची पाकळी. हे प्रार्थनेचं पाणी आहे हे त्याला कळलं. आंटी काही देवाचं करतेय, त्यात आपण कसं पडायचं? मग सर परत यायच्या आदल्या दिवशी त्याने सगळ्या कुंड्यांतले तांदूळ वेचून काढले, कुंकवाची माती खुरप्याने वरखाली केली. सरांना राग येईल आणि त्यात देवाला काही बोलतील, ते बरं नाही.

"पण तू सांगितलं का नाहीस? तुझ्यावर आलं तेव्हा?"

त्याने खांदे उडवले. "सरांनी विचारलं, तू घातलंस का. मी म्हटलं, नाही. खरं तेच म्हटलं. कुणी घातलं हे सरांनी विचारलंच नाही." मग म्हणाला, "आणि मी तुम्हाला सांगितलं होतं, आंटी. धिस वन पुआसा."

सांगितलं होतं. मी आयुष्यभर एकादशी धरणारी बाई. कुणी मला उपासाच्या दिवशी आग्रह करून खायला घातलं तर त्याचं तोंड बघणार नाही. तो दिवसभर थेंबभर पाण्यावाचून उन्हात राबत होता, तरी त्याने झाडाचा उपास पाळला. आणि मी तो रोज साडेसहाला मोडत होते, पुण्य लागतंय म्हणून.

साडेदहाला कीर्तन उभं राहिलं. क्षिप्राताईंचा नमनाचा आवाज लागला आणि सत्तर-ऐंशी माणसं एकदम शांत झाली. मी पहिल्या रांगेत, नऊवारी नेसून. पाळण्यात सलीमची फुलं सगळ्यात वर घातली होती. पूर्वरंगात त्या काय बोलल्या ते मला आज विचाराल तर सांगता येणार नाही. मी समोरच्या घड्याळाकडे बघत होते. शनिवारी मॅनेजमेंट ऑफिस साडेबाराला बंद होतं. रविवारी सुट्टी. सोमवारी सलीम यिशुनला.

कीर्तनातून मधेच उठू नये. हे मी लहान मुलांना, त्यांच्या आयांना, एकदा तर आमच्या समितीच्या अध्यक्षांनाही सुनावलंय. साडेअकराला, उत्तररंगाचं आख्यान रंगात आलेलं असताना मी उठले. पैंजण वाजले तेवढे वाजले. विश्वास बाजूला सरकले आणि त्यांनी मला वाट दिली. क्षिप्राताईंची नजर एकदा माझ्यामागून दारापर्यंत आली.

निशिकांतराव कीर्तनाला येत नाहीत. दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात वर्तमानपत्र होतं.

"काय वहिनी, एवढ्यात जन्मले तुमचे राम?"

"तुमच्या झाडांना पाणी मी घातलं," मी म्हटलं. "तेवीस दिवस. सलीमने नाही. रोझमेरीचं रोपही मीच ठेवलं."

मग त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली.

"मी त्या दिवशी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात..."

"म्हणाले."

"का घातलंत?"

"ते तहानलेलं दिसत होतं."

ओरडले असते तर बरं झालं असतं. "मी त्या माणसाला त्याने न आणलेल्या रोपाबद्दल शाबासकी दिली, वहिनी," ते अगदी हळू म्हणाले. "तो काय विचार करत असेल माझा?" मग चपला शोधू लागले. "चला. ऑफिस उघडं आहे अजून."

ऑफिस फंक्शन रूमला लागूनच, मध्ये एक पातळ भिंत. मॅनेजर मिस गोह यांनी चष्मा वर केला. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्या टाइप करत गेल्या. तेवीस दिवस, म्हणाल्या, रोज? रोज, मी म्हटलं. निशिकांतरावांनी आपला मेल मागे घेतला, स्वतःचं नाव घालून माफी लिहिली. मिस गोह म्हणाल्या, ठेकेदाराला आत्ताच कळवते, पण सोमवारचं वेळापत्रक लागलंय, त्यामुळे खात्री देत नाही. इथे सही करा.

मी पेन हातात घेतलं आणि भिंतीपलीकडे घंटा वाजल्या. बारा वाजले होते. मग पाळणा सुरू झाला. आधी एकट्या क्षिप्राताई, मग बायका, मग सगळेच. सव्वीस वर्षांत या देशात मी रामजन्माचा पाळणा चुकवला नव्हता. दोरी पहिल्यांदा यजमानीण ओढते. ती कुणीतरी ओढली असेल. मी ते ऐकत खाली वाकून माझं नाव लिहिलं, ओळखपत्राचा नंबर लिहिला, तारीख लिहिली. निशिकांतराव बाजूला उभे होते. त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

परत गेले तेव्हा सुंठवडा वाटून होत आला होता. क्षिप्राताईंनी माझ्या कपाळाला बुक्का लावला. "तुम्ही उठलात तेव्हा वाटलं, माझंच काही चुकलं."

"नाही हो ताई," मी म्हटलं. जेवताना त्यांना सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "पुढच्या वेळी ते आख्यान सांगताना मला तुमची आठवण येईल." ते चांगल्या अर्थाने होतं की कसं, हे विचारायचा मला धीर झाला नाही. एक पुडी सुंठवड्याची बांधून मी सलीमला शोधायला गेले, पण त्याची सायकल जाग्यावर नव्हती.

सोमवारी तो आला नाही. मंगळवारीही नाही. ठेकेदाराने त्याला परत पाठवायला दोन आठवडे लावले. परत आला तेव्हा गुडघा सुजला होता आणि तो जिन्याशी जपून पाय टाकत होता. मी माफी मागितली. त्याने माझ्या हातातली पुडी घेतली, वास घेतला आणि "स्पायसी ला," एवढंच इथल्या ढंगात म्हणाला. निशिकांतरावांनी त्याला काय सांगितलं ते मला माहीत नाही. दोघं कुंडीपाशी बराच वेळ बसलेले मात्र मी पाहिले.

प्रणिता एप्रिलमध्ये आली. दार उघडल्यावर तिला वास आला तो नव्या डिस्टेंपरचा. निशिकांतरावांनी तिला काय घडलं ते सांगितलं असणार, कारण मला भेटली तेव्हा तिने आधी मिठी मारली आणि मग म्हणाली, "सुलेखावहिनी, माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅक्टसपासून लांब राहायचं हं." सगळे हसले. मीही हसले. तिला वसंत दिसला नाही तो नाहीच.

आता जून चालू आहे. इथे या महिन्यात पाऊस कमी असतो. निशिकांतरावांनी पुन्हा ताण दिला आहे. गेले नऊ दिवस लिंबोणीला पाणी नाही. पानं मान टाकू लागली आहेत, मातीला केसासारख्या भेगा गेल्या आहेत. मी तुळशीला पाणी घालायला बाहेर येते आणि ती तिथे, हातभर अंतरावर, तशी उभी असते. माझा हात आपोआप तिकडे वळतो. कुणाला तहानलेलं बघून पाठ फिरवायची मला सवय नाही, आणि ती लावून घेणं मला अजून जमत नाही.

आज सकाळी सलीम कुंपणापलीकडे होता. माझ्या हातातल्या तांब्याकडे बघून म्हणाला, "नाऊ यू ऑल्सो पुआसा, आंटी."

तांब्यात पाणी उरलं होतं. मी ते घेऊन घरात आले.